गाडी दारात लावू नका म्हणजे काय ते समजून घ्या
‘गाडी घराजवळ लावू नका’ असं कंपनीने सांगितल्याच्या बातमीत नुसतं ‘इंजिनाला आगीचा धोका’ लिहिलंय, नेमका दोष कशात ते राहिलंच. अमेरिकेत २०२३ मध्ये रॅम या ट्रक-पिकअपच्या ब्रँडच्या ३ लाखांहून जास्त हेवी ड्युटी डिझेल गाड्या परत बोलावल्या, तेव्हाचं सांगतो. त्यांतल्या कमिन्स कंपनीच्या ६.७ लिटर इंजिनात थंडीत आत जाणारी हवा गरम करायला हीटर असतो. तो बॅटरीतून भरपूर करंट खेचतो आणि त्याच्याच रिलेचं (तो चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचं) कनेक्शन तापत होतं. म्हणून कंपनीने सांगितलं, दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा. या गाड्यांवर ट्रेलर ओढून पोट भरणाऱ्यांचं काय? आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलचं, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावण्याचं, कलम ११०-अ आलंय. पण तिसऱ्या हातातला ट्रक घेणाऱ्यापर्यंत रिकॉलची नोटीस पोचवणार कोण?