नवीनच आहे ना?

जुना लॅपटॉप आवाज करायचा तेव्हा घरात कोणाला त्याचे काही वाटत नसे. बिजागरी खिळखिळी, बॅटरी नावापुरती, दोन कळा निखळलेल्या; त्याने कण्हायचे आणि आपण कानाआड करायचे, असे ठरूनच गेले होते. नव्या वस्तूला ही सवलत नाही. नवी वस्तू कुरकुरली की लोक तिच्याकडे बघत नाहीत, ती आणणाऱ्याकडे बघतात.

आम्ही नागपूरचे. लॅपटॉप आणला एप्रिलच्या अखेरीला, बर्डीच्या बाजारातून. मी घरी बसून दोन-चार कंपन्यांचे हिशेब सांभाळतो, तेव्हा गरज माझी होती. पण खर्च मंजूर व्हावा म्हणून कारण 'मुलाच्या अभ्यासासाठी' असे सांगितले होते. एक-दोन दिवस कौतुकात गेले. मग पंखा बोलू लागला.

चालू केल्यावर पाच-सात मिनिटे सगळे गप्पगार. मग उजव्या कुशीतून बारीक घूंऽऽ. ते चढत चढत जायचे आणि शेवटी पलीकडच्या खोलीत कोणी मिक्सरवर चटणी वाटतेय अशा पट्टीला लागायचे. त्याच पट्टीवर राहिले असते तरी कान सरावले असते. पण मध्येच ते थांबायचे. 'सुटलो बुवा' म्हणून आपण आकड्यांत डोके घालावे, की पुन्हा घूंऽऽ. गरम हवा बाहेर पडायची जाळी नेमकी उजवीकडे, त्यामुळे माउसवरच्या हाताला सतत झळ. एका संध्याकाळी अवकाळी पाऊस आला, तेव्हा आईने अर्धवट वाळलेल्या कुरडयांचे ताट उचलून त्या जाळीपुढे आणून ठेवले. "एवढी ऊब वाया कशाला घालवायची?" कुरडया खडखडीत वाळल्या, हे लॅपटॉपच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

आवाज पुण्यापर्यंत पोचला तो मीटिंगमध्ये. साहेबांनी मला मध्येच थांबवले. "तुमच्याकडे पाऊस लागलाय का हो?"

"नाही सर. 44 आहे."

"मग हे काय वाजतंय?"

"लॅपटॉप."

"तो तर तुम्ही नवीन घेतलात ना?"

मग आवाज गाळण्याची जी सोय त्या मीटिंगच्या ॲपमध्ये असते ती चालू केली. पंख्याचा आवाज गाळायला प्रोसेसरला जास्त काम पडते. जास्त काम पडले की तो जास्त तापतो. तापला की पंखा वाढतो. पंखा वाढला की गाळायला आणखी आवाज. शेवटी त्या सोयीने पंख्यासोबत मलाही गाळले. पुणेकर मंडळी माझे हलणारे तोंड बघत होती आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या मीटिंगमध्ये माझ्याबद्दल कोणाचाच आक्षेप आला नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. मुंबईचा आतेभाऊ म्हणाला, "एसी लाव." मुंबईकरांना वाटते, उकाडा म्हणजे घाम. त्यांना कूलर ठाऊक नाही, कारण तिथल्या दमट हवेत तो चालतच नाही. आमच्या कोरड्या हवेत मात्र ताट्यांवरून पाणी सोडले की खोली दहा-बारा अंशांनी खाली येते. लेकाने निळे दिवे लागणारे कूलिंग पॅड मागवले. त्याला पंखेच पाच. आता एकाच्या ऐवजी सहा पंखे वाजू लागले, आणि तापमान उतरले किती तर दोन-तीन अंश. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "काहून जी, इतका आवाज काहून करून राहिला? नवीनच आहे नं?"

रात्री दोनला तर कमाल झाली. झाकण मिटलेले, वायर लावलेली, सगळे झोपलेले, आणि टेबलावरून घूंऽऽ. झाकण मिटले म्हणजे हल्लीचे बरेच लॅपटॉप पूर्ण झोपत नाहीत. अर्धवट जागे राहून अपडेट उतरवतात, मेल बघतात. हे सगळे मी आईला समजावले. तिने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

अखेर मी तपास हाती घेतला. तापमान दाखवणारे एक छोटे ॲप टाकले, आणि ते टाकले नसते तर बरे होते असे वाटले. आकडा 97. चिपचा, म्हणजे प्रोसेसरचा आकडा! एवढ्यावर चहा उकळतो. वाचल्यावर कळले की या चिपा साधारण 100 अंशांपर्यंत सोसतील अशाच बनवतात आणि त्या हद्दीला टेकल्या की आपणच वेग कमी करून घेतात. म्हणजे जळत नाही, फक्त कामचुकारपणा करतो. पंखा मध्येच का थांबतो तेही उलगडले: ठरावीक तापमान ओलांडले की तो सुरू, थोडे उतरले की बंद, आमचा लॅपटॉप नेमका त्या रेषेवर झुलत होता.

पण काहीही उघडलेले नसताना तो तापतो कशाने? आत कोण किती राबतोय त्याची यादी दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. आणि काय सांगू, उघडल्याबरोबर पंखा उतरला. यादीत सगळे शून्य-शून्य टक्के, सगळे सज्जन. बंद केला, हात बाजूला घेतले, तीन-चार मिनिटांत घूंऽऽ. पुन्हा उघडला, पुन्हा सज्जन. ही चोरी पकडायला एक युक्ती लागली: टास्क मॅनेजर उघडाच ठेवायचा, माउसला हात लावायचा नाही, आणि खुर्ची मागे ओढून लांबून बघायचे. मग दोघे सापडले. एक, फायलींची अनुक्रमणिका करणारा. जुन्या लॅपटॉपवरचे पंधरा वर्षांचे हिशेब, मुलाचे फोटो, बायकोच्या भिशीच्या याद्या असे सगळे नव्यात ओतले होते. ते तो पान पान वाचत बसला होता. मालक काम करू लागला की हा अदबीने बाजूला होतो आणि मालक उठला की पुन्हा बसतो. त्यामुळेच सापडत नव्हता. दुसरा, कंपनीने महिनाभर फुकट दिलेला अँटीव्हायरस. पहिला जी फाइल उघडेल ती हा तपासायचा. एक वाचतोय, दुसरा त्याच्या खांद्यावरून वाचतोय, आणि दोघांचा घाम पुसायला पंखा.

अँटीव्हायरस काढला, विंडोजचा स्वतःचा असतोच. वाचकाला त्याचे वाचन संपेपर्यंत रात्रभर बसू दिले. फरक पडला. सकाळी छान. पण दुपारी बारा वाजले की पुन्हा तेच.

तेव्हा सर्व्हिस सेंटर गाठले. तिथे एसी 22 वर, काचेचे दार, खुर्च्यांवर गारठलेली माणसे. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उघडला. अर्धा तास काम दिले, चाचणी लावली. पंखा चालला, पण कुजबुजल्यासारखा. "सर, आवाज कुठाय?" मी त्याला मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण ऐकवले. तो म्हणाला, "सर, हे मिक्सर आहे." चाचणीचा कागद हातात ठेवला, वर शिक्का: नॉर्मल.

घरी येऊन मी खोक्यातली ती घडीची पुस्तिका काढली. जगातल्या वीस-बावीस भाषांत ती एकच सांगते की पाण्यात बुडवू नका. पण बारीक अक्षरांत एक ओळ होती: वापरायचे तापमान, 0 ते 35 अंश. मी ती ओळ बायकोला दाखवली. आमच्याकडे 2013 च्या 23 मे रोजी 47.9 अंशांची नोंद झाली होती. कूलर बंद असला तर दुपारी आमच्या खोलीतच 39-40 असते. म्हणजे यंत्रात दोष नव्हताच. कागदोपत्री बघितले तर मार्च ते जून हा लॅपटॉप विदर्भात बेकायदा राहत होता.

आणि पंखा काही गारवा तयार करत नाही. तो खोलीतली हवा आत ओढतो आणि चिपची उष्णता तिच्यावर लादून बाहेर ढकलतो. आतच 40 ची हवा गेली तर 25 च्या खोलीपेक्षा चिपही साधारण 15 अंश वर बसणार. आत तांब्याची चपटी नळी असते, तिच्यात थेंबभर पाणी. चिपपाशी त्याची वाफ होते, पंख्यापाशी पुन्हा पाणी होते, आणि ते परत फिरते. हे वाचून बायको म्हणाली, "म्हणजे यात पाणी भरावं लागत नाही?" आमच्या घरात कूलरमध्ये पाणी कोणी भरायचे यावरून रोज संध्याकाळी जे होते, त्यावरून तिला त्या नळीचा हेवा वाटणे साहजिक आहे.

खरे काम केले कूलरवाल्याने. तो पंप बदलायला आला होता. टेबलापाशी थबकला, हात जाळीपुढे धरला, मग वाकून खाली बघितले.

"साहेब, हा हवा घेते कुठून?"

"खालून."

"अन् खाली जागा किती आहे? करंगळी जाऊन नाही राहिली. कूलर भिंतीला चिकटवून ठेवला तं चालन काय? मंग हा बोंबलन नाही तं काय करन?"

त्याने स्वयंपाकघरातून बाटल्यांची दोन झाकणे मागितली आणि लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली सरकवली. मी आकडा बघितला. पाच-सहा अंश उतरले. कूलिंग पॅडचे पाच पंखे आणि निळे दिवे याच्या निम्मेही करू शकले नव्हते. पैसे विचारले तर म्हणाला, "पंपाचे द्या जी. याचे काय घ्यायचे, झाकणं तुमचीच आहेत."

उरलेले काम एका टक्क्याने केले. पॉवर ऑप्शन्समध्ये खोल कुठेतरी प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 टक्के लिहिलेली असते. तिथे 99 केले की चिपची टर्बो धाव, म्हणजे नेहमीच्या वेगापेक्षा जोरात पळणे, बंद होते. हिशेबाच्या तक्त्यांना टर्बोची गरज नसते. जीएसटीचे पोर्टल तसेही आपल्या गतीने चालते. आकडा ऐंशीच्या आत आला. कूलर लावलेल्या खोलीत आता पंखा चालतो, पण पुण्याला पाऊस वाटत नाही.

प्रश्न उरला लेकाचा. त्याचा गेम 99 वर अडखळतो. 100 केले, की दुपारी लॅपटॉप किंचाळतो आणि मीटिंग बुडते. बरीच वाटाघाट झाली. शेवटी असे ठरले की खोली तिशीच्या आत असेल तेवढा वेळ 100 करून खेळायचे, त्यानंतर 99. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ रखरखीत दिवस, लागल्यावर खोली तिशीच्या आत असते ती फक्त पहाटे. तेव्हा सुट्टीत दहापर्यंत लोळणारा मुलगा पाचला गजर लावून उठतो, कानाला हेडफोन लावतो आणि साडेसातपर्यंत टेबलावरून हलत नाही. आईने ही बातमी शेजारी, भजनी मंडळात आणि अमरावतीच्या मावशीकडे पोचवली आहे: नातू ब्राह्ममुहूर्तावर उठून नव्या लॅपटॉपवर अभ्यास करतो. मावशीने तिच्या नातवासाठी कंपनी कोणती ते विचारले आहे.