खुडूक काका

“तुला काळीज आहे की नाही?” हे मला परवा माझ्याच घरात, माझाच चहा पिणाऱ्या माणसाने विचारलं. गुन्हा एवढाच, की इनक्युबेटरमधल्या एका अंड्याला आतून भोक पडलं होतं, चोचीचं टोक दिसत होतं, आणि मी स्वस्थ बसले होते.

मागची हकीकत फार नाही. खाकी कॅम्पबेल बदकाची अंडी, साडेसदतीस अंश तापमान, २८ दिवस. ही जात अंडी भरपूर घालते, पण त्यांच्यावर बसायचं नाव काढत नाही. म्हणून गावाकडे ती खुडूक कोंबडीखाली ठेवतात. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये खुडूक कोंबडी कुठून आणायची? खुडूक माणसं मात्र मिळतात. खालच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेत. ते सकाळीच येऊन इनक्युबेटरसमोर बसले ते उठेचनात.

“अगं, टकटक करतंय ते. दार उघडा म्हणतंय.”

“काका, भोक पडल्यावर बाहेर यायला त्याला एक दिवस लागतो. कधी दोन.”

“दोन दिवस? आमच्या सूनबाईला बारा तास झाले तर डॉक्टरांनी सरळ सिझर केलं!”

“अंड्याचं सिझर नसतं हो. आतल्या पापुद्र्यात अजून रक्त खेळत असतं, उरलेला बलक पोटात जायचा असतो. आपण सोललं तर रक्त जाऊन मरेल.”

“म्हणजे डॉक्टर काय मारायला सिझर करतात?”

यावर काय बोलणार? मग त्यांनी काकूंना फोन लावला. “वर ये, बघ ही काय करतेय. काही म्हणजे काही करत नाहीये!” काकू वाटीत कोमट तेल घेऊन आल्या. त्यांच्या मागून शेजारची दोन पोरं आणि कुरियरचं पाकीट द्यायला आलेले वॉचमनदादा. काकांनी झाकणाला हात घातला. शेवटचे तीन दिवस झाकण उघडायचं नसतं. आतला दमटपणा गेला की पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो. मी ओरडले. वॉचमनदादा हळूच म्हणाले, “हात लावू नका साहेब, त्याचं त्ये येतंय बाहेर.” काका म्हणाले, “तू गप्प बस, तुला काय कळतंय.” आमच्या सोसायटीत ज्याला कळतं तो गेटवर बसतो आणि ज्याला कळत नाही तो कमिटीवर.

त्यात गुरुवार. म्हणजे देखभाल-दुरुस्ती, म्हणजे वीज नाही. इतक्या वर्षांत दर गुरुवारी नेमकं काय दुरुस्त करतात हे मला खरंच जाणून घ्यायचंय, कारण पहिल्या पावसाला लाइट जायची ती जातेच. तक्रार नोंदवायला फोन केला तर रेकॉर्डवरच्या बाईंनी आधी माझा ग्राहक क्रमांक मागितला, मग मला धन्यवाद दिले आणि फोन ठेवला. इनक्युबेटरभोवती गरम पाण्याच्या बाटल्या रचल्या, वर गोधडी टाकली. काका दर पाच मिनिटांनी गोधडी उचलून “जिवंत आहे ना?” बघत होते. जिवंत होतं, यांच्या कृपेने नव्हे.

दुसऱ्या दिवशी पिल्लं बाहेर आली. कोनराड लॉरेंझ नावाच्या शास्त्रज्ञाला आई समजून रानहंसाची पिल्लं त्याच्या मागे फिरायची. त्याला १९७३ साली नोबेल मिळालं. मी नेमकी दूध उतू जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरात गेले होते, आणि पिल्लांसमोर होते काका. आता ती काकांच्या पायजम्यामागे पळतात. रात्री उठून तापमान मी बघायचं, अंडी मी फिरवायची, आणि आई कोण, तर काका!

आई झाल्या झाल्या त्यांनी टब आणला. म्हटलं, एवढ्यात पोहायला सोडायची नाहीत, बदकीच्या पंखाखाली वाढलेली नाहीत ही, यांची लव भिजते आणि ती गारठतात. काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “बदकाला पाणी चालत नाही?” म्हणाले, आणि टब घेऊन गेले.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं होतं, की मशिनमधून काढलेली पिल्लं जरा कमीच निघालीत. काल लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “डॉक्टरांना दाखवलंत का? होईल हो सगळं नीट.”