आमची मेमरी भरली आहे

ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे सासरे गेल्याची बातमी ग्रुपवर आली, तेव्हा सगळ्यांच्या आधी मी हसलो. म्हणजे फोनने मला हसवलं. मी हात जोडायला निघालो होतो. मेसेजवर बोट दाबून धरलं, चेहऱ्यांची ती चिमुकली ओळ वर यायची वाट बघितली, आली नाही. म्हणून पुन्हा दाबलं. नेमकी तेव्हाच ती आली आणि माझं बोट डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणाऱ्या चेहऱ्यावर पडलं. ते काढायला गेलो तर फोन थिजला. स्क्रीनवर तो चेहरा हसतोय, इकडे मला घाम फुटलाय आणि मध्ये एक चक्र गरगरतंय. चांगली चाळीस सेकंदं! तेवढ्यात बावीस जणांनी बघून घेतलं. पुढे हसू गेलं, हातही जोडले गेले, पण ते सहकारी अजून माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

लक्षणं तशी आधीपासून होती. फोन वाजायचा, पण कोणाचा आहे ते सांगायचा नाही. सांगेपर्यंत समोरचा कंटाळून ठेवून द्यायचा. कॅमेरा उघडेपर्यंत समोरच्यांचं हसू मावळून जांभया सुरू व्हायच्या. मी 'निघालोय' असं टाइप करायचो आणि अक्षरं उमटेपर्यंत खरंच पोचलेला असायचो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण ज्याने केली त्याच्या खिशात स्मार्टफोन नव्हता, एवढंच.

फोन मंदावला की कळतं, आपल्या ओळखीत सगळेच वैद्य आहेत. एकाने सांगितलं, रात्री बंद करून ठेव. दुसऱ्याने सांगितलं, कधीच बंद करू नकोस. तिसरा म्हणाला, तापलाय, फ्रीजमध्ये ठेव. (हे करू नका. तापलेला फोन स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो हे खरं, पण फ्रीजमधून बाहेर काढल्यावर आत बाष्प धरलं तर तो वेग कायमचा शून्यावर येतो. कव्हर काढून, चार्जिंग थांबवून सावलीत ठेवला तरी भागतं.) आणि या सगळ्यांचं एका बाबतीत मात्र एकमत होतं: "मागे चालू असलेली अ‍ॅप्स काढून टाकत जा रे."

ते व्रत मी निष्ठेने पाळलं. एकेक अ‍ॅप अंगठ्याने वर भिरकावून द्यायचं. दिवसातून तीस वेळा तरी. अंगठ्याला घट्टा पडायचा बाकी होता. फोन होता तसाच. उलट प्रत्येक अ‍ॅप नव्याने उघडताना झोपेतून उठवल्यासारखा चेहरा करायचं.

मग एक सफाईचं अ‍ॅप घातलं. त्याने उघडल्या उघडल्या लाल अक्षरांत सांगितलं की परिस्थिती गंभीर आहे. मग एक झाडू आला, स्क्रीनभर फिरला, हिरवं झालं, टाळ्या वाजल्या. दहा मिनिटांनी पुन्हा लाल. प्रत्येक झाडूनंतर एक जाहिरात, आणि ती बंद करायची फुली मुंगीच्या डोळ्याएवढी. रात्री दोन वाजता त्याने मला उठवून कळवलं की माझ्या फोनमध्ये कचरा साचतोय. भीक नको पण कुत्रं आवर, अशी वेळ आली. ते काढलं तेव्हा कळलं की फोनवर सगळ्यांत जास्त राबणारं अ‍ॅप तेच होतं.

शेवटी भाचा आला. वय एकोणीस, आवाजात सिव्हिल सर्जनचा अधिकार.

"मामा, रॅम भरलीये की स्टोरेज?"

"मेमरी भरलीये," मी म्हणालो.

त्याने डोळे मिटून घेतले. मग माझ्या पिढीला कळेल अशा भाषेत सांगितलं. रॅम म्हणजे पाटी. फोन बंद केला की पुसली जाते, चालू केला की कोरी. स्टोरेज म्हणजे वही. त्यात लिहिलेलं राहतं. मी गेले सहा महिने अंगठा झिजवून पाटी पुसत होतो आणि फुटायला आली होती वही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

"आणि पाटीसुद्धा तू पुसायची नसतेस," तो म्हणाला. "जागा कमी पडली की फोन स्वतःच ठरवतो, काय महत्त्वाचं आणि काय नाही, आणि बिनमहत्त्वाचं बंद करतो. तू जे हाकलतोस ते पुन्हा पहिल्यापासून उभं करायला त्याला जास्त कष्ट पडतात."

हे मला पटेना. यंत्राला काय कळणार महत्त्वाचं काय ते? तेव्हा त्याने एकदम १९६९ साल काढलं. अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना यानातल्या संगणकाने '१२०२' नावाचा गजर वाजवला होता म्हणे. अर्थ असा, की काम फार झालं, जागा उरली नाही. पण तो थिजला नाही. बारीकसारीक कामं त्याने टाकून दिली, यान उतरवायचं काम तेवढं धरून ठेवलं. आणि त्याच्याकडे पुसून पुन्हा लिहिता येईल अशी मेमरी होती सुमारे ४ केबी. माझ्या फोनची रॅम ६ जीबी, म्हणजे पंधरा लाख पटींहून जास्त. तेवढ्या मेमरीवर दोन माणसं चंद्रावर उतरली आणि मला इथे एक श्रद्धांजली धड वाहता येईना.

वहीकडे वळलो. फोनच्या खोक्यावर १२८ जीबी लिहिलेलं. आत बघितलं तर ११९. मला वाटलं फसवलं. तर तसं नाही: जीबीचा हिशोब करताना खोक्यावर लिहिणारा १००० ने गुणतो आणि फोन १०२४ ने, त्यामुळे एकाच वस्तूचे दोन आकडे होतात. शिवाय त्यातही फोनची स्वतःची सिस्टिम आणि आपण न बोलावता आलेली अ‍ॅप्स ऐसपैस बसलेली. आमच्या वाट्याला उरलेल्यातले मोकळे होते ७०० एमबी.

जागा भरली तर भरली, त्यात मंद व्हायचं काय कारण, हा माझा रास्त प्रश्न. ही वही विचित्र असते, भाचा म्हणाला. तिच्यात लिहिलेल्या ओळीवर दुसरी ओळ लिहिता येत नाही आणि एकच ओळ खोडताही येत नाही. खोडायची तर पानांचा अख्खा गठ्ठाच. त्यामुळे त्या गठ्ठ्यातला कामाचा मजकूर आधी दुसरीकडे उतरवून घ्यायचा, मग गठ्ठा पुसायचा. कोरी पानं भरपूर असली तर हे काम फोन निवांत, आपल्या नकळत करतो. पानंच उरली नाहीत तर प्रत्येक अक्षरासाठी ही उतरवाउतरवी ऐन वेळी, आपल्याला ताटकळत ठेवून. माझं 'निघालोय' एवढा वेळ कुठे अडकायचं ते मला कळलं.

सफाई मी एकट्याने करायचं ठरवलं. भाचा गेला. ही पहिली चूक.

डाउनलोडच्या फोल्डरमध्ये विजेचं एकच बिल अकरा वेळा होतं. बिल, बिल कंसात एक, बिल कंसात दोन, असं करत कंसात दहापर्यंत. दर वेळी मी ते सापडेना म्हणून पुन्हा उतरवून घेतलं होतं. त्याच्या खाली माझ्याच आधार कार्डाच्या नऊ प्रती. एवढा आधार असूनही माणूस निराधार वाटत होता.

मग फोटो. मला वाटायचं माझ्या फोनमध्ये आठवणी आहेत. निघाले खांब. तळघरातल्या पार्किंगचे खांब! गाडी कुठे लावली ते मी विसरतो, म्हणून लावली की समोरच्या खांबावरच्या नंबराचा फोटो काढायची मी स्वतःला शिस्त लावलेली आहे. ए-७, सी-२१, बी-१४. चार वर्षांचे खांब. एकशेसाठ. कुटुंबातल्या कोणाचेही एवढे फोटो माझ्याकडे नाहीत. बी-१४ तर सहा वेळा, वेगवेगळ्या प्रकाशात.

त्यानंतर एक तेवीस मिनिटांचा व्हिडिओ सापडला. पूर्ण काळा. आवाज लावला तर किल्ल्यांचा खुळखुळाट आणि मध्येच मी कोणाला तरी "नाही हो, मला सगळं आठवतं" असं सांगतोय. खिशात कॅमेरा चालू राहिला होता. फोर-केमध्ये. सहा जीबी. माझ्या खिशातला अंधार इतक्या बारकाव्याने टिपून ठेवलेला होता.

"अहो, तो नका काढू," बायको खांद्यावरून म्हणाली. तो म्हणजे अंधार नव्हे, तिचा फोटो. एकाच जागी, एकाच क्षणी काढलेले तिचे चौदा फोटो होते. मी तेरा काढायला निघालो होतो.

"सगळे सारखेच आहेत."

"सारखे कसे? यात मान बघा. आणि यात साडीचा रंग बरोबर आलाय."

"मग हा ठेवतो."

"यात डोळे मिटलेत."

तासाभराने पंधरा झाले, कारण दोन फोटो जुळवून तिने तिसरा एक बनवला.

व्हॉट्सअ‍ॅपमधल्या स्टोरेजच्या यादीत 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेले' असा एक वेगळाच कप्पा असतो. तो उघडला आणि सूर्य उगवला. साडेतीन हजार सूर्य. उगवत्या सूर्यापुढे कप, कपापुढे गुलाब, गुलाबावर सुविचार. सगळे आपोआप उतरलेले, मी एकही न मागितलेला. एका नातेवाइकांच्या १६ एमबीच्या व्हिडिओत 'मोबाइलचा वापर कमी करा' असा संदेश होता आणि तो चार ग्रुपांतून चार वेळा आला होता. सगळे निवडले, काढले, आपोआप उतरायची सोय बंद केली. या कामात मात्र मला जराही दुःख झालं नाही.

एवढं करूनही जागा फारशी वाढेना. भाच्याला फोन लावला.

"फोटो अजून ट्रॅशमध्ये असतील मामा, तिथे महिनाभर तरी पडून राहतात. ते नंतर बघू. आधी कॅश क्लिअर कर."

मी बायकोकडे बघितलं, बायकोने कपाटाच्या किल्लीकडे.

"पैसे नाही रे मामा. कॅशे. अ‍ॅप्स पुन्हा पटकन उघडता यावीत म्हणून साठवून ठेवतात तो माल. सेटिंगमध्ये जा, अ‍ॅप निवड, दोन बटणं दिसतील."

दिसली. शेजारी शेजारी. एकावर 'क्लिअर स्टोरेज', दुसऱ्यावर 'क्लिअर कॅशे'. कॅशे काढली तर अ‍ॅप थोडा वेळ अडखळतं आणि सावरतं. स्टोरेज काढलं तर त्या अ‍ॅपला आपण कोण हेच आठवत नाही. ही दोन बटणं जुळ्या भावांसारखी ज्याने शेजारी बसवली, त्याच्या हातून कधीही काही घेऊ नये. माझ्या बोटाचा इतिहास तुम्हाला माहीत आहेच. ज्या अ‍ॅपवर ते पडलं, त्यात मी माझे सगळे पासवर्ड लिहून ठेवले होते. दुसरीकडे कुठेही न ठेवता, सुरक्षित राहावेत म्हणून.

पुढचे दोन दिवस प्रत्येक अ‍ॅप मला माझ्या पहिल्या शाळेचं नाव विचारत होतं. शाळा आठवत होती. दहा वर्षांपूर्वी मी तिचं स्पेलिंग काय केलं होतं, ते नव्हतं आठवत.

भाच्याला दया आली असावी. त्याने मला शेवटचा उपाय शिकवला. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'बिल्ड नंबर', त्यावर सात टिचक्या. चौथी, पाचवी, सहावी... सातव्या टिचकीला सूचना आली: आता तुम्ही डेव्हलपर आहात. लोक चार-चार वर्षं शिकतात. मी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "आधी पासवर्ड आठवा." त्या नव्या दालनात अ‍ॅनिमेशनचे तीन आकडे असतात, एकवर ठेवलेले, ते निम्मे केले. याने फोनचं काम वेगाने होत नाही, फक्त पडदे लवकर सरकतात. पण खरं सांगतो, मला तेवढंच हवं होतं.

परवा दातांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. मोठी इमारत, तळघरात तीन मजल्यांचं पार्किंग. नंबर यायला अवकाश होता, म्हटलं सफाईचं उरलेलं काम उरकून टाकू. खांब निवडले. पहिल्यावर बोट दाबून धरलं आणि शेवटच्यापर्यंत ओढत नेलं. बोटाखाली खांब कसे सरसर पळत होते! एकशेएकसष्ट. डिलीट. मग ट्रॅश उघडला. अंधार, बिलं, सूर्य, खांब. 'कायमचे काढून टाकायचे?' फोनने विचारलं. हो. त्याने एका क्षणात केलं, चक्र नाही, थिजणं नाही. ४१ जीबी मोकळे. दातात ड्रिल चालू असतानासुद्धा मी समाधानात होतो.

खाली आलो, खिशातून फोन काढला आणि फोटो उघडले. पूर्वी इथे चक्र फिरायचं. आता बोट लागायच्या आत समोर: बायको, बायको, बायको, बायको.

एकशेसाठ होते ना ते?

तेवढ्यात फोन वाजला. नाव लगेच दिसलं, पहिल्या फटक्यात उचलला गेला.

"अहो, कुठे आहात?"

"बी-१४," मी म्हणालो. भूल अजून उतरली नव्हती, त्यामुळे ते 'वी' की 'डी' असं काहीतरी ऐकू गेलं. किल्लीवरचं बटण दाबत, कुठून 'टुक' असा आवाज येतो ते ऐकत, मी वरच्या मजल्यापासून सुरुवात केली.