बळी घेतला म्हणे खड्ड्याने

सकाळी चहाबरोबर पेपर उघडला आणि पहिल्याच पानावर ‘खड्ड्याने घेतला दुचाकीस्वाराचा बळी’. खड्ड्याने घेतला! म्हणजे खड्डा रात्री दबा धरून बसला आणि पोराला गाठलं. वा रे खड्डा.

‘घेणे’ हे आपलं रोजचं साधं क्रियापद. भाजी घे, जेवून घे, दमाने घे. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकणारा म्हणतो, ‘जरा सरकून घ्या.’ कोणी काय घ्यायचं ते लख्ख कळतं. पेपरात गेलं की याच क्रियापदाच्या अंगात येतं. मंत्री आढावा घेतात, आयुक्त दखल घेतात. विरोधक खरपूस समाचार घेतात, मग तोंडसुख घेतात आणि कोणी अडचणीचं विचारलं की काढता पाय घेतात. दिवाळी अंकांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे वेध घेतात, मागोवा घेतात, आणि फारच भरून आलं तर धांडोळा घेतात. (आमच्या घरी चष्मा हरवला की नुसता शोधतात. धांडोळा घेताना अजून कोणी सापडलेलं नाही.) इथपर्यंत मला हसूच येतं. घ्या बापडे काय घ्यायचं ते.

पण बळी?

मी कॉलेजात असताना भांडुपला आमच्या चाळीतल्या शेजारच्या मावशींचा मुलगा लोकलमधून पडून गेला. पेपरात कोपऱ्यात बातमी आली, ‘गर्दीने घेतला तरुणाचा बळी’. मावशींना वाचता यायचं नाही. मला वाचायला लावली. ऐकून म्हणाल्या, ‘‘गर्दीनं म्हंजे कुणी रे? गर्दीत तर मी पण असते.’’ घाटकोपरला कामाला जायच्या त्या रोज, तशाच गाडीने. मी काय सांगणार?

गर्दी, खड्डा, पूल, पाऊस, भरधाव वेग. आपल्या पेपरांचे हे ठरलेले मारेकरी. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं गेली, आणि आजही आपण म्हणतो, चेंगराचेंगरीने बळी घेतले. पूल अरुंदच का राहिला, हे कोणत्या वाक्यात बसवायचं? तिथे मग ‘निर्णय घेण्यात आला नव्हता’. म्हणजे घेणारं माणूस असलं की वाक्यातून पळून जातं, आणि घेणारा खड्डा असला की ठळक टाइपात छापला जातो! रविवारचा मेगाब्लॉकसुद्धा ‘घेण्यात येतो’. कोण घेतं ते विचारू नका, गाडी कधी आहे तेवढं बघा.

एका पेपरात डेस्कवर बसणारा माझा मित्र हे वाचून चिडणार, माहीत आहे. रात्री उशिरा बातमी येते, दोन कॉलमांत मथळा बसवायचा असतो, चौकशी न होता कंत्राटदाराचं नाव छापलं तर नोटीस येते. बरं, मान्य. मथळ्यात नको. पण खाली बातमीत? दुसऱ्या दिवशी? महिन्याने?

कोर्टाला जमलं की. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की खड्ड्यांमुळे कोणी दगावलं तर कुटुंबाला ६ लाख रुपये भरपाई द्यायची, आणि ती द्यायची महापालिकेसारख्या यंत्रणांनी. जबाबदार अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूलही करायची. तिथे खड्ड्याला समन्स काढलं नाही कोणी.

मावशी तेव्हा आणखी एक म्हणाल्या होत्या. मी बातमी परत घडी घालत होतो, तर एकदम म्हणाल्या, ‘‘बळी द्यायला तो काय बोकड व्हता?’’ रडत नव्हत्या. विचारत होत्या. कोण देतं, कोणाला देतं, कशासाठी देतं, बळी म्हटलं की हे सगळं आलंच ना. पोरगा नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. दारात लटकला, कारण आत शिरायला जागा नव्हती आणि लेटमार्क लागला असता.

जाऊ दे. सकाळपासून डोकं फिरलंय.

मथळा तुम्हाला हवा तो द्या हो. पण रस्ता कोणी केला, कधी केला, दोषदायित्व कालावधी (म्हणजे रस्ता बिघडला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) संपलाय का चालू आहे, एवढं तरी विचारा. आजची बातमी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. यातलं एक अक्षर नाही. त्या पोराने हेल्मेट घातलं होतं की नाही, ते मात्र दोनदा छापलंय.