रीसेटच्या आधीचं काम राहिलं

जुन्या फोन-लॅपटॉपच्या ई-कचऱ्याचं काय करावं, यावरचा लेख वाचला. 'जुना फोन फॅक्टरी रीसेट करा (सगळा डेटा पुसून नव्यासारखा करा) आणि गरजूला द्या' एवढ्यावर तो पुढे सरकलाय, घोळ नेमका तिथेच होतो. गूगल अकाउंट न काढता बटणं दाबून 'रिकव्हरी' मेनूतून रीसेट केलेला अँड्रॉइड फोन चालू होताना जुन्याच मालकाचा पासवर्ड मागतो. घेणाऱ्याच्या हातात नुसती वीट. आधी बॅकअप, मग सेटिंग्जमधून अकाउंट काढा, मगच रीसेट. आयफोन असेल तर 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करा. मेमरी कार्ड काढून घ्या, ते बहुतेक वेळा रीसेटमध्ये पुसलं जात नाही. आणि जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कला 'क्विक फॉरमॅट' म्हणजे फक्त अनुक्रमणिका फाडणं. पानं तशीच राहतात.

बॅटरीबद्दल तर लेखात अवाक्षर नाही! लिथियम बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकली की ती घंटागाडीत, पुढे कॉम्पॅक्टरमध्ये दाबली जाते. आतला पातळ पडदा फाटला की शॉर्ट होऊन आग. सुटी बॅटरी देताना दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा. फोनचं मागचं झाकण उचललं गेलं असेल तर बॅटरी फुगली आहे: चार्जिंग बंद, टोचायची नाही, स्क्रू ड्रायव्हरने उचकटायची तर मुळीच नाही. ती कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, झाकण सैल ठेवून, स्वयंपाकघरापासून लांब. सोसायटीत ई-कचऱ्याचा खोका मीटर रूममध्ये असेल, तर त्यात अशी बॅटरी टाकू नका, संकलन करणाऱ्याच्या हातात वेगळी द्या. भंगारवाल्याला वायर विकताना तो तांब्यासाठी ती जाळणार नाही ना, हेही विचारा.