मला एकटीला खेळू द्या

घर बांधायचं, त्यात चार माणसं राहायला आणायची, त्यांना जेवायला घालायचं, नोकरीवर पाठवायचं, त्यांची भांडणं लावायची आणि आपणच मिटवायची. लाइफ सिम्युलेशन गेममध्ये मी एवढंच करते. माझ्या लॅपटॉपवर, माझ्या फोनवर, माझ्या वेळेत. ती माणसं माझ्या मनातली, त्यांची नावं मी ठेवलेली, त्यांच्या खिडक्यांचे पडदेसुद्धा मी निवडलेले. मग गेम उघडताक्षणी 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही' ही पाटी माझ्या तोंडावर का मारता? या घराच्या स्वयंपाकघरात शिरायला मला कुठल्यातरी परक्या देशातल्या मशीनची परवानगी का लागते?

कोकण रेल्वेवरचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. त्याच्या अलीकडे-पलीकडेही बोगदेच बोगदे. खिडकीबाहेर अंधार, नेटवर्क शून्य, हातात पूर्ण चार्ज केलेला फोन, आणि ज्या गेममध्ये मला फक्त टोमॅटो लावायचेत तो फिरतं चक्र दाखवत बसतो. गावी गेल्यावरही तेच. पावसाळ्यात लाइट जाते, पाठोपाठ टॉवर झोपतो. लॅपटॉपच्या बॅटरीत दोन-तीन तास शिल्लक असतात, बाहेर धो-धो पाऊस, करण्यासारखं दुसरं काही नाही. असे गेम खेळायला याच्याहून चांगली वेळ कुठली? आणि नेमका तेव्हाच तो उघडत नाही.

कंपन्या म्हणतात, तांत्रिक गरज आहे. या एका वाक्याने माझं डोकं सर्वांत जास्त फिरतं, कारण ते उघडं पडून आता कितीतरी वर्षं झाली. मार्च २०१३ मध्ये ईए या बड्या गेम कंपनीने 'सिमसिटी' आणली. घरांऐवजी शहरं वसवायची, पण बनवणारा 'द सिम्स' या घरांच्या गेमचाच मॅक्सिस स्टुडिओ आणि वर्षानुवर्षं एकट्याने खेळायचा खेळही तोच. यावेळी मात्र सतत इंटरनेट सक्तीचं केलं. पहिल्याच दिवसापासून सर्व्हर कोसळले. लोकांनी पूर्ण किंमत मोजून घेतलेला गेम उघडायला रांगेत उभं राहायचं, आत गेल्यावर बाहेर फेकले जायचं, आणि परत आल्यावर तासन्‌तास बांधलेलं शहर गायब. सर्व्हरवरचा भार कमी करायला गेमचा सर्वांत जलद वेगच काढून टाकला. ॲमेझॉनने काही काळ डाउनलोड विकणं थांबवलं. शेवटी ईएला प्रत्येकाला एक दुसरा गेम फुकट द्यावा लागला.

एवढं होऊनही मॅक्सिसचं म्हणणं काय? शहराचा बराचसा हिशोब आमच्या सर्व्हरवर होतो, त्यामुळे ऑफलाइन करणं सोपं नाही. काही दिवसांतच एका मॉडरने, म्हणजे गेममध्ये स्वतःच फेरफार करणाऱ्या हौशी माणसाने, इंटरनेट तोडून तोच गेम चालवून दाखवला. मग वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीने स्वतःच ऑफलाइन मोड दिला. म्हणजे जमत होतं. त्यांना ते करायचं नव्हतं. २०१५ मध्ये मॅक्सिसचं अमेरिकेतलं एमरीव्हिलचं मुख्य कार्यालय बंद झालं. ज्या लोकांनी असल्या खेळांचा हा प्रकार जन्माला घातला, त्यांचंच घर मोडलं.

कुठल्या मातीतून हा प्रकार उगवला ते तरी बघा. १९९१ मध्ये अमेरिकेत ओकलंडच्या टेकड्यांवर आग लागली, त्यात मॅक्सिसचे गेम-रचनाकार विल राइट यांचं घर जळालं. संसार परत शून्यापासून मांडताना माणसाला नक्की काय-काय लागतं, या विचारातून 'द सिम्स'ची कल्पना वाढली आणि २००० मध्ये गेम आला. भातुकलीच होती ती. कोपऱ्यात बसून, स्वतःशी पुटपुटत, मोठ्यांनी बघू नये म्हणून पाठ फिरवून मांडायची भातुकली. आणि ती कुणीही न विचारता, कुणालाही न दाखवता तुफान चालली. पीसीवर सर्वाधिक विकल्या गेलेल्या गेमचा मान दोन वर्षांत तिच्याकडे गेला. लोकांना काय आवडतंय ते याहून स्पष्ट कसं सांगायचं?

तरी ईएवाल्यांना ऐकू येत नाही. डिसेंबर २००२ मध्ये 'द सिम्स ऑनलाइन' आणला. गेम विकत घ्या, वर दर महिन्याला जवळपास १० डॉलर द्या, आणि अनोळखी लोकांच्या शेजारी राहा. लोक आले नाहीत. २००८ मध्ये नाव बदलून बघितलं आणि त्याच ऑगस्टमध्ये कुलूप लावलं. मग २०११ मध्ये फेसबुकवर 'द सिम्स सोशल': खाट बनवायची तर मित्राकडून सामान मागा, मित्राच्या घरी जाऊन त्याची बाग झटका. तोही जून २०१३ मध्ये बंद. मधल्या काळात 'द सिम्स ३'च्या 'शोटाइम' या जोडपॅकमध्ये आपल्या सिमला, म्हणजे गेममधल्या आपल्या माणसाला, मित्राच्या गेममध्ये कार्यक्रम करायला पाठवायची सोय घुसवली. ही कुणी मागितली होती? मे २०१३ मध्ये, सिमसिटीची राख गरम असताना, 'द सिम्स ४' जाहीर करताना मात्र त्यांना मुद्दाम सांगावं लागलं की हा एकट्याने खेळायचा, ऑफलाइन गेम आहे. ती ओळ वाचून जगभरातल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि २०२२ मध्ये पुन्हा 'प्रोजेक्ट रेने' नावाचा नवा सिम्स प्रकल्प, पुन्हा मित्रांबरोबर मिळून खेळण्याच्या गप्पा. वीस वर्षं. तेच दार, तीच धडक.

मल्टिप्लेअरला, म्हणजे अनेकांनी मिळून खेळण्याला, माझा विरोध नाही. ज्यांना मैत्रिणीबरोबर शेत करायचंय त्यांनी खुशाल करावं. 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बॅरोन या एका माणसाने चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने बसून बनवली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये काढली. २०१८ मध्ये त्यात मल्टिप्लेअर आला, फुकट, आणि ज्याला नको त्याच्या शेताला त्याचा वाराही लागला नाही. त्यानंतरही मोठमोठे अपडेट आले, एकाचेही पैसे घेतले नाहीत. करबुड्याच्या बोगद्यात तो गेम मजेत चालतो. एका माणसाला जे जमतं ते हजारो माणसांच्या कंपनीला का जमू नये?

कारण त्यांना माझा खेळ नकोच आहे, माझी हजेरी हवी आहे. गेम सतत सर्व्हरला जोडलेला असला की मी कधी आले, किती वेळ थांबले, कुठे अडले, दुकानाच्या पानावर किती घुटमळले हे सगळं कळतं. मग त्या अडलेल्या जागी बरोबर एक बटण उगवतं. पीक पिकायला आठ तास, पण हिरे खर्च केले तर आत्ता. एनर्जी संपली, वाट बघ किंवा पैसे भर. सलग सात दिवस लॉगिन कर म्हणजे सोफा मिळेल, सहाव्या दिवशी चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. मुलांची परीक्षा असो, घरात आजारपण असो, संध्याकाळी फोन वाजतो: 'तुझे प्राणी तुझी वाट बघतायत!' ज्या गेममध्ये दोन घटका श्वास घ्यायला जायचं, तिथेही कुणीतरी हजेरीचं मस्टर घेऊन उभं. हा छळ आहे, आणि तो अतिशय विचारपूर्वक रचलेला आहे. पैसे भरून घेतलेले गेमही आता यातून सुटलेले नाहीत. 'द सिम्स ४'मध्ये २०२४ साली खेळाच्या पडद्यावरच दुकानाच्या ढकलगाडीची चमकणारी खूण आणून बसवली. माझा सिम आईच्या मरणाने रडतोय आणि कोपऱ्यात खरेदीचं बटण लुकलुकतंय. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे तिची चमक कमी केली.

सोशलच्या नावाखाली जे चालतं ते तर अजून वाईट. मी ज्या फोनवरच्या शेतीच्या गेममध्ये अडकले होते, त्यात कोठार वाढवायला लागणारे खिळे आणि फळ्या मिळायच्या त्या 'मित्रां'कडून. माझ्याकडे मित्र नव्हते, कारण मी तिथे मित्र करायला गेले नव्हते. मग चुलतभावाला, ऑफिसातल्या मुलीला, शाळेच्या ग्रुपवरच्या बायकांना लिंक पाठवायची. कुणाकडे सहज हात न पसरणाऱ्या माणसाला, खोट्या कोठाराच्या खोट्या खिळ्यासाठी, लोकांच्या मागे लागायला लावतात. भिडस्त माणसाच्या भिडेवर धंदा करतात. वर आठवड्याची स्पर्धा, गटाची गुणसंख्या, आणि 'तुझ्यामुळे आपला गट मागे पडला' असं मला सुनावणारी एक अनोळखी व्यक्ती. टोमॅटो लावल्याबद्दल!

आणि मग भाडं. पूर्वी गेम घेतला की घेतला. सीडी कपाटात, काम झालं. आता दर महिन्याला. 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स'चं उदाहरण घ्या, कारण बेट वसवायचा तो गेम खरोखर सुंदर आहे आणि म्हणूनच जास्त चीड येते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये कितीतरी लोकांना त्या बेटाने सावरलं. पण मैत्रिणीच्या बेटावर नेटवरून जायचं तर तो बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीची सशुल्क मेंबरशिप. बेटाचा बॅकअप हवा तरी मेंबरशिप. महिनोन्‌महिने लावलेली झाडं, ओळखीचे झालेले शेजारी, हे सगळं कन्सोल बिघडला तर जाऊ नये एवढीच अपेक्षा, तीसुद्धा वर्गणीत. २०२१ मधलं 'हॅपी होम पॅराडाइज' हे त्याच गेमचं जोडपॅक वरच्या दर्जाच्या मेंबरशिपमधून घेतलं असेल, तर मेंबरशिप संपल्यावर तिथलं दार बंद, तुम्ही सजवलेल्या खोल्या आत.

आपल्याकडे निदान रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की आपोआप पैसे कापण्याआधी २४ तास सूचना यायला हवी. येते ना. वीजबिल, कर्जाच्या जाहिराती आणि ओटीपीच्या ढिगाऱ्यात एक एसएमएस येतो. सबस्क्रिप्शन सुरू करायला एक बोट पुरतं, बंद करायला मेनूच्या आत मेनूच्या आत मेनू. हे नजरचुकीने होत नाही. असं बनवायला कुणीतरी पगार घेतलेला असतो.

पण पैसे गेले याहूनही मला न सोसवणारी गोष्ट वेगळी आहे. माझी आई फोनवर एक शेतीचा गेम खेळायची. दुपारची भांडी झाली की पलंगावर आडवी होऊन, चष्मा कपाळावर सरकवून. एका रांगेत ऊस, एका रांगेत सूर्यफुलं, विहिरीपाशी गाय. त्या गायीला तिने माहेरच्या गायीचं नाव दिलं होतं. बाबा गेल्यानंतरच्या काळात ती रोज त्या शेतात जायची आणि आम्ही कुणी काही विचारायचो नाही. एक दिवस गेम बंद झाला. कंपनीने म्हणे आधी सूचना दिली होती. इंग्रजीत. आईने ती जाहिरात समजून फुलीवर बोट दाबलं, कारण त्या गेममध्ये दिवसभर फुलीवरच बोट दाबावं लागायचं. शेत गेलं. त्याचा फोटो नाही, फाइल नाही, काही नाही. मला म्हणाली, 'बघ ना गं, कुठे गेलं, तुला येतं ना यातलं.' मला येतं यातलं, आणि तरी मला काहीही करता आलं नाही, कारण ते शेत कधी तिच्या फोनमध्ये नव्हतंच. कुणाच्या तरी हिशोबात न बसणाऱ्या एका सर्व्हरवर होतं, तो पुसून टाकला.

हे टाळता येत नाही असं मला कुणी सांगू नये. 'ॲनिमल क्रॉसिंग: पॉकेट कॅम्प' २०१७ पासून फोनवर होता, मध्येच महिन्याची क्लब वर्गणीही आणली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये निन्टेन्डोने तो बंद केला, पण लगेच एकदाच पैसे भरून घ्यायची पूर्ण आवृत्ती काढली आणि जुन्या खेळाडूंना आपला कॅम्प तिथे न्यायची मुदत दिली. सततचं इंटरनेट नको, आत पुन्हा खरेदी नाही. करायचं ठरवलं तर होतं! ईएनेही जानेवारी २०२५ मध्ये 'द सिम्स'ला २५ वर्षं झाली म्हणून पहिले दोन भाग पुन्हा विक्रीला काढले. ते काढता आले, कारण ते कधी कुठल्या सर्व्हरला बांधलेले नव्हते. 'द सिम्स सोशल'मधली लाखो घरं कुठून काढणार आहेत?

युरोपात लोकांनी निदान कंबर कसली. युबीसॉफ्टने 'द क्रू' हा गाड्यांचा गेम मार्च २०२४ मध्ये सर्व्हरसकट बंद केला, विकत घेतलेल्यांच्या हातात काहीच उरलं नाही. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघाकडे जाणाऱ्या मागणीवर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी किती साधी: बंद करताना गेम चालू राहील अशा अवस्थेत सोडा. आपल्याकडे यावर कुणी बोलत नाही. ऑनलाइन गेम म्हटलं की चर्चा फक्त जुगाराची, नाहीतर मुलांच्या व्यसनाची. आईसारख्या बायकांचं काय गेलं हे कुणाच्या यादीतच नाही.

माझ्या सेव्ह फाइल माझ्या मशीनवर हव्यात. सोशलचं बटण बंद करता यायला हवं आणि बंद केल्यावर गेम लंगडा होता कामा नये. बंदची सूचना द्यायची तर माणसाच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, जाहिरातीच्या चौकटीत नाही, आणि जाताना ज्याचं शेत त्याच्या हातात ठेवून जा. तोपर्यंत ज्या गेमच्या माहितीत 'सतत इंटरनेट आवश्यक' दिसेल, तो कितीही देखणा असो, मी एक रुपया देणार नाही. आईच्या फोनवर मी आता स्टारड्यू टाकून दिलाय. अक्षरं बारीक आहेत म्हणून ती कुरकुरते, पण विमानाचं बटण दाबून ठेवलं तरी तिची गाय जागेवर असते.