दाढीवाल्या फुलांची ओळखपरेड

ज्याच्या परड्यात शेवगा, कढीपत्ता आणि एखादी जास्वंद आहे तो माणूस सुखी असतो, हे मला समजले तेव्हा फार उशीर झालेला होता. निवृत्तीनंतर काश्मीरला गेलो असताना तेथील एका जुन्या कबरस्तानात निळ्या-जांभळ्या आयरिसचे ताटवे पाहिले. ही फुले तिकडे मुद्दाम कबरींवर लावतात, असे आमच्या टॅक्सीवाल्याने सांगितले. जे झाड कबरीवर कोणी न पाहता फुलते, ते माझ्या डोळ्यांदेखत बेळगावातल्या आमच्या अनगोळात का फुलणार नाही, असा सरळ हिशेब मी मांडला. हिशेबात बेळगावचा पाऊस तेवढा धरायचा राहून गेला.

आयरिसच्या जाती सुमारे ३०० आहेत आणि त्यांपैकी मला नेमकी दाढीवाली हवी होती. हिच्या तीन पाकळ्या ताठ उभ्या राहतात, तीन खाली लोंबतात आणि लोंबणाऱ्या पाकळ्यांवर सुरवंट चिकटावा तसा केसांचा पट्टा असतो. तीच तिची दाढी. एका नर्सरीकडून साडेसातशे रुपयांना एक, असे दोन गड्डे मागवले. डबक्यातली म्हैस पाठ वर काढून बसते तसा या गड्ड्याचा वरचा भाग उन्हात उघडा राहिला पाहिजे. मात्र म्हशीला लागणारे डबके त्याला अजिबात चालत नाही. आमच्या भागातली काळी माती तर पाणी धरून ठेवण्याबद्दलच प्रसिद्ध आहे; बेळगावी बासमतीचा लौकिक याच मातीवर वाढला. जी माती पिढ्यान्‌पिढ्या भाताचे पाय ओले ठेवत आली, तिने माझ्या दोन पाहुण्यांसाठी आपला स्वभाव बदलावा म्हणून मी तिच्यात मुरूम घातला, वाळू घातली आणि वीतभर उंच वाफा केला. मिरगाचा पाऊस सुरू झाल्यावर वाफ्यावर छत्री बांधली. रस्त्याने जाणारी मुले थांबून विचारू लागली, "काका, म्हसोबा बसवलाय काय की?"

आषाढात घरात दुर्गंधी पसरली. पत्नीला मोरी तुंबल्याची शंका आली आणि तिने प्लंबरला बोलावले. त्याने दोन तास मोरी उपसली, पैसे घेतले आणि जाता जाता छत्रीकडे बोट दाखवून "वास तिकडून येतोय," असे सांगितले. गड्ड्याला हात लावला तर बोट आत गेले. गड्डा कुजवणारे जिवाणू असतात आणि त्यांच्या कामगिरीला असाच वास येतो, हे पुस्तकात होते. पण पुस्तकाला वास नसल्यामुळे ते माझ्या लक्षात राहिले नव्हते.

दुसऱ्या वर्षी त्याच नर्सरीने नुकसानभरपाईच्या भावनेने "दुर्मीळ निळे आयरिस" अशी चिठ्ठी लावलेले रोप सवलतीत पाठवले. ते जोमाने वाढले, पंख्यासारखी पाने पसरली आणि श्रावणात त्याला फूल आले ते भगव्या रंगाचे, वर लाल ठिपके असलेले. सकाळी उमललेले ते फूल संध्याकाळी पिळलेल्या फडक्यासारखे गुंडाळून बसले. मी दोन पानी तक्रारपत्र लिहिले. फसवणुकीचा पुरावा भक्कम असावा म्हणून वनस्पतीचे नाव शोधायला गेलो आणि तेथेच माझा खटला ढासळला. बेलमकांडा या नावाने ओळखले जाणारे हे झाड २००५ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी डीएनएच्या आधारे रीतसर आयरिस कुळीत दाखल करून घेतले होते आणि त्याचे नाव आयरिस डोमेस्टिका असे ठेवले होते. म्हणजे नर्सरीच्या चिठ्ठीतले तीन शब्दांपैकी एक अक्षरशः खरे होते. वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणाऱ्या खुद्द लिनियसने १७५३ साली हेच झाड ऑर्किड म्हणून नोंदवले होते, हे वाचल्यावर तर माझा राग पार निवळला. एवढा मोठा मनुष्य जेथे घसरला, तेथे एका नर्सरीवाल्याचे काय घेऊन बसायचे? पत्र फाडले.

तिसरे झाड खानापूरकडच्या एका स्नेह्याने दिले. पाणथळ जागेत वाढणारे हे पिवळे आयरिस आहे, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. चिखल आवडणारे आयरिस! बेळगावसाठी याहून योग्य स्थळ शोधून सापडले नसते. न्हाणीचे पाणी जिथे मुरते त्या कोपऱ्यात मी ते लावले, लोखंडी पट्टीवर "आयरिस स्यूडॅकोरस" असे रंगवून घेतले आणि फुलाची वाट पाहू लागलो. दोन वर्षे नुसती पाने आली. हिरवीगार, तलवारीसारखी, कमरेएवढी. फुलावाचून आयरिस ओळखणे म्हणजे नुसत्या पाठमोऱ्या फोटोवरून स्थळ पसंत करण्यासारखे आहे. मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या ॲपने एकदा ग्लॅडिओलस आणि एकदा कांद्याची पात असा निर्वाळा दिला. वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक चहा पिऊन "फूल येऊ दे, मग बोलू," असे म्हणाले. पुढे दोनदा येऊन पुन्हा चहा पिऊन हेच म्हणाले. शेजारचे अण्णा एका सकाळी कुंपणावरून वाकून म्हणाले, "इदु बजे री." चाळीस वर्षे इथे राहूनही माझे कन्नड भाजीबाजाराच्या पलीकडे कधी गेलेले नाही. मी घड्याळ पाहून "साडेनऊ," असे सांगितले. अण्णांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि ते सभ्यपणे आत निघून गेले.

उलगडा केला तो चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने. नातीच्या बाळाला न्हाऊ घालून ती परड्यात उन्हाला बसली होती. तिने हाताशी आलेले एक पान तोडले, चुरगाळले, नाकाशी नेले आणि म्हणाली, "वेखंड की रे हे!"

आयरिसच्या पानाला असा सुगंध नसतो. ही एक परीक्षा मी, ॲप आणि प्राध्यापक यांपैकी कोणीही केली नव्हती. आत जाऊन शब्दकोश उघडला. वेखंडाला कन्नडमध्ये बजे म्हणतात. वेखंडाचे शास्त्रीय नाव अॅकोरस, आणि स्यूडॅकोरस म्हणजे खोटे वेखंड. पाने इतकी सारखी दिसतात की लिनियसने पिवळ्या आयरिसचे नावच तसे ठेवले. खोटे वेखंड म्हणून मी दोन वर्षे ज्याला खतपाणी घातले, ते खरे निघाले होते.

आईने त्याच दुपारी खुरपे मागून घेतले. बाळाच्या डोक्याला न्हाणीनंतर लावायची पूड आता घरची झाली आहे, कपाटातल्या लुगड्यांतही तुकडे ठेवले आहेत, आणि बाजारात वीस रुपयांना मिळणारी ही वस्तू आम्हाला किती रुपयांना पडली, हा विषय पत्नी फक्त पाहुण्यांसमोर काढते. लोखंडी पट्टी मी अजून काढलेली नाही. परवा अण्णा रिकामी कुंडी घेऊन फाटकाशी आले आणि थोडे संकोचून "बजे," एवढेच म्हणाले. मी घड्याळाकडे न पाहता खुरपे आणायला गेलो.